बाहुलीवर कोरलेलं नाव

‘झाँसी की रानी’च्या श्रेयनामावलीत छायाचित्रणापाशी आलं की डोळा अडखळतो. सोहराब मोदींचा, मिनर्व्हा मूव्हीटोनचा, १९५३चा चित्रपट. राणी झालेल्या मेहताब, राजगुरूच्या भूमिकेत स्वतः मोदी, आणि कॅमेऱ्यामागे अर्नेस्ट हॉलर. मुंबईच्या चित्रसृष्टीतल्या ओळखीच्या नावांमध्ये हे एकच नाव लांबून आलेलं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला, पन्नाशी उलटलेला हा माणूस इथे कसा, याचं सरळ उत्तर एका शब्दात देता येतं: टेक्निकलर. तीन निगेटिव्हवर रंग टिपणारी ही हॉलिवूडची पद्धत, आणि मोदींना खऱ्या टेक्निकलरमध्ये चित्रपट करायचा होता. आदल्याच वर्षी आलेला मेहबूब खानांचा ‘आन’ फरदून इराणींनी १६ मिलिमीटरच्या कोडाक्रोमवर टिपला होता आणि मग लंडनला टेक्निकलरच्या प्रयोगशाळेत त्याच्या मोठ्या प्रती काढल्या होत्या. मोदींना तो आडमार्ग नको होता. म्हणून त्यांनी ‘गॉन विथ द विंड’चा ऑस्कर मिळवलेला कॅमेरामनच बोलावला. चित्रपट चालला नाही, पैसा बुडाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण ते नाव मनातून जात नाही. कारण हॉलरचं नाव धरून मागे गेलं की ऑस्करच्या छायाचित्रण पुरस्काराचा सोनेरी काळ वेगळाच दिसायला लागतो. यादी वाचताना वाटतं, एक चित्रपट, एक कॅमेरामन, एक बाहुली, म्हणजे ऑस्करची ती सोनेरी मूर्ती. हॉलरच्या बाबतीत हा हिशेब दोनदा चुकतो. एकदा त्याच्या हातून सुटलेल्या चित्रपटाचा पुरस्कार दुसऱ्याला मिळाला, आणि एकदा दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला.

पहिली गोष्ट एका जंगलाची.

१९३४ साली नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टनं हॉलिवूड बोलच्या उघड्या रंगमंचावर शेक्सपिअरचं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ केलं आणि वॉर्नर ब्रदर्सनं त्याचा चित्रपट करायला घेतला. स्टुडिओत जंगल उभं राहिलं. खरी झाडं, खरा पाला, दाट फांद्या. डोळ्याला ते अप्रतिम दिसत होतं, पण फिल्मवर काही उमटेना. यात छायाचित्रणाचा अगदी पायाचा प्रश्न आहे. दिव्यापासून १० फुटांवर जेवढा उजेड पडतो त्याचा चौथाच हिस्सा २० फुटांवर पोचतो. जंगल दाट असलं की दिवे झाडांच्या वर किंवा बाहेर ठेवावे लागतात, म्हणजे आधीच लांब. तिथून आत येणाऱ्या उजेडाची वाट फांद्या अडवतात, आणि जो पोचतो तो नटाच्या तोंडावर पानांच्या सावल्या घेऊनच पोचतो. त्यात गडद हिरवं पान उजेड गिळतं. माणसाच्या डोळ्याला ते हिरवंगार दिसतं, कारण डोळ्याला रंग कळतो. कृष्णधवल फिल्मला कळतो तो फक्त परत आलेला उजेड, आणि तोच कमी असेल तर पान काळं, खोड काळं, मागची पोकळीही काळी. तीन काळ्या गोष्टी एकमेकींवर ठेवल्या तर जंगल दिसत नाही, भिंत दिसते. हॉलरनं केलेलं काम अंधारं आलं म्हणून त्याला काढलं आणि हॅल मोरला आणलं.

मोरनं काय केलं ते कुठल्याही शिकाऊ छायाचित्रणकारानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. त्यानं दिवे वाढवायच्या आधी झाडं कापली. फांद्या विरळ केल्या, म्हणजे उजेडाला यायला वाट झाली. मग पानांवर ॲल्युमिनियमचा रंग फवारला. झाडांवर कोळिष्टकांसारखी जाळी पसरली आणि त्यांवर धातूचे बारीक कण टाकले. पान आता उजेड गिळेना, परत फेकू लागलं. धातूच्या कणाचा गुण असा की तो सगळीकडे सारखा चमकत नाही. दिवा, कण आणि भिंग यांचा कोन जुळला की तेवढ्यापुरता ठिणगीसारखा लकाकतो. कॅमेरा जरा सरकला की एक कण विझतो, शेजारचा पेटतो. मागून दिवा मारला की अख्खं जंगल लुकलुकतं. दिग्दर्शकाला हवी असलेली जादू भिंगासमोर कसली काच धरून आली नाही. ती आधी झाडांना रंगवून आली. आज तो चित्रपट बघताना पऱ्या धुक्यातून वर चढतात त्या दृश्यात पानांच्या कडा बघाव्यात. त्या पांढऱ्या नाहीत, चंदेरी आहेत. कृष्णधवल फिल्मवर पांढरा आणि चंदेरी यांत फरक दिसतो, कारण पांढरा स्थिर राहतो आणि चंदेरी हलतो.

या कामाला नामांकनसुद्धा मिळालं नव्हतं. १९३५च्या चित्रपटांसाठी छायाचित्रणाची तीनच नामांकनं होती: रे जून, व्हिक्टर मिल्नर आणि ग्रेग टोलंड. पण आदल्या वर्षी अभिनेत्री बेटी डेव्हिसचं नाव नामांकनातून सुटलं म्हणून मोठी बोंब झाली होती, आणि अकादमीनं मतपत्रिकेवर आपल्या मनातलं नाव हातानं लिहायची मुभा दिली होती. डेव्हिसला तिचा उपयोग झाला नाही. मोरला झाला. ५ मार्च १९३६ला बिल्टमोर हॉटेलात नाव पुकारलं गेलं तेव्हा तो घरीच होता असं सांगतात. निरोप आल्यावर कपडे बदलून तो हॉटेलात पोचला आणि बाहुली घेतली. हातानं लिहिलेल्या नावावर ऑस्कर मिळाल्याचं हे एकमेव उदाहरण. त्यानंतर अकादमीनं ती सोयच बंद करून टाकली. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो. स्टुडिओ आपल्या माणसांकडून गठ्ठ्यानं मतं लिहून घेतील ही भीती खरी होती, आणि त्या वर्षी वॉर्नरच्या बऱ्याच माणसांना हाती लिहिलेली मतं पडलीही होती. पण छायाचित्रणापुरतं बोलायचं तर त्या एका फटीतून जे आत आलं ते यादीतल्या तिन्हींच्या तोडीचं होतं. झाडांना ॲल्युमिनियम फासणाऱ्या माणसाला बाहेर ठेवणारी यादीच आधी तपासायला हवी होती.

त्या बाहुलीवर हॉलरचं नाव नाही. असायलाही नको, बहुतेक. तरी जंगल काळं येतं हे आधी कुणीतरी फिल्म खर्चून दाखवलं होतं, आणि मोरच्या हातात पहिल्या दिवशी कात्री आली ती त्यामुळे.

मग चार वर्षांनी पारडं फिरलं.

‘गॉन विथ द विंड’चं नियमित चित्रीकरण जानेवारी १९३९मध्ये सुरू झालं तेव्हा कॅमेऱ्यामागे ली गार्म्स होता. गार्म्स म्हणजे साधा माणूस नव्हे. ‘शांघाय एक्स्प्रेस’साठी त्याला आधीच ऑस्कर मिळालेला. एका बाजूनं, जरा वरून, उत्तरेकडच्या खिडकीतून यावा तसा उजेड घ्यायचा आणि चेहऱ्याची दुसरी बाजू सावलीत विरघळू द्यायची, ही त्याची पद्धत. तीच त्यानं रंगातही वापरली. मातकट, मवाळ, दबलेले रंग. निर्माता डेव्हिड सेल्झनिकला ते पसंत पडेनात. रंगासाठी एवढा पैसा ओतायचा तर रंग दिसला पाहिजे, हा त्याचा हिशेब. काही आठवड्यांतच गार्म्स गेला आणि हॉलर आला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गार्म्सचं नाव नाही. कथेतल्या मेलनीच्या बाळंतपणापर्यंतचा बराचसा भाग आपण टिपलाय असं तो पुढे सांगत असे. सगळी दृश्यं कथेच्या क्रमानं टिपली जात नाहीत, तेव्हा ही रेघ इतकी सरळ नसणार. पण चित्रपटाचा पहिला तासभर आवाज बंद करून बघितला तर दोन हातांमधला फरक डोळ्यांना जाणवतो. काही खोल्यांमध्ये उजेड एकाच दिशेनं येतो आणि भिंती मागे सरतात. काही खोल्यांमध्ये प्रत्येक पडद्याला, प्रत्येक बाहीला स्वतःचा दिवा आहे.

तो दिवा का लागे, हे कळायला टेक्निकलरचा कॅमेरा आतून बघायला हवा. त्यात एक नव्हे, तीन निगेटिव्ह एकाच वेळी धावत. भिंगाच्या मागे काचेचे दोन लोलक चिकटवून केलेला ठोकळा, आणि त्यांच्या सांध्यावर अर्धपारदर्शक आरसा. आलेल्या उजेडाचा लहान वाटा आरशातून सरळ पलीकडे जाई, हिरव्या गाळणीतून पहिल्या फिल्मवर. उरलेला काटकोनात वळून किरमिजी गाळणीतून बाजूला पोचे, जिथे दोन फिल्म एकमेकींना तोंड लावून बसलेल्या असत. पुढची निळं टिपायची. तिच्या अंगावरच्या तांबूस थरातून फक्त लाल पुढे सुटायचं आणि ते मागच्या फिल्मवर उमटायचं. लाल उजेड एका फिल्ममधून गाळून येई म्हणून लालाची नोंद तिघींत जरा मऊच राहायची. आता वाटेत किती ठिकाणी उजेड खर्च झाला ते मोजा: लोलक, आरसा, गाळण्या, वरची फिल्म. म्हणून १९३५च्या सुमाराला नटाच्या अंगावर साधारण ८०० ते १००० फूट-कँडल (उजेड मोजायचं एकक) उजेड पाडावा लागे. चांगल्या उजेडाच्या कचेरीत टेबलावर ३० ते ५० असतो. तोही कसलाही उजेड चालत नसे. ही फिल्म दिवसाच्या पांढऱ्या उजेडाला जुळवलेली. तारेच्या दिव्याचा पिवळा उजेड तिला लालभडक वाटायचा, आणि त्यावर निळी गाळणी लावली तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच जायचा. मग कार्बनच्या आर्क दिव्यांशिवाय मार्ग नाही. आर्क म्हणजे फुरफुर आवाज, धूर, राख, आणि कांड्या जळतील तशा पुढे सरकवत उभा असलेला माणूस. नटांचा मेकअप वितळे. आवाज दाबण्यासाठी कॅमेऱ्यावर चढवलेली पेटी एवढी मोठी की तो हलवायचा म्हणजे कपाट हलवण्यासारखं. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये लोलक बसलेला असल्यानं भिंग फार जवळ आणता येत नसे, म्हणून रुंद कोनाची भिंगं बसवणं अवघड. एका रिळात १००० फूट फिल्म, मिनिटाला ९० फुटांचा वेग, म्हणजे ११ मिनिटं. आणि दर वेळी तिन्ही रिळं बदलायची.

चुका कुठे होत तेही सांगायला हवं. तीन पट्ट्या पुढे रंगछपाईत एकमेकींवर केसाएवढ्या अचूक बसायच्या असतात. एखादी जरा जास्त आकसली, लोलक तापून सूक्ष्म सरकला, की माणसाच्या खांद्याला लाल किंवा हिरवी कड येते. जुन्या प्रतींमध्ये ती आजही दिसते. दुसरी अडचण पांढऱ्याची. एवढ्या उजेडात शुभ्र सदरा डोळे दिपवणारा डाग होऊन बसे, म्हणून पांढरे कपडे आधी करडट किंवा चहाच्या पाण्यासारख्या रंगात बुडवून घेत. पडद्यावर जो शुभ्र दिसतो तो हातात घेतला तर मळका. तिसरी अडचण म्हणजे रोजचं काम बघायला मिळे ते कृष्णधवल प्रतीत. रंगाचे मोजके तुकडे तेवढे नमुन्याला जोडून येत. म्हणजे ज्या रंगासाठी गार्म्सला काढलं, तो रंगसुद्धा सेटवरच्या माणसांना रोज पूर्ण दिसत नव्हता.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भिंगातही नाही, लोलकातही नाही. हा कॅमेरा विकत मिळत नसे. टेक्निकलर कंपनी तो भाड्यानं देई, आणि त्याच्यासोबत कंपनीचा कॅमेरामन येई, रंगसल्लागार येई, धुलाई-छपाई कंपनीतच होई. म्हणून रंगीत ऑस्करच्या यादीत नावं पुष्कळदा जोडीनं येतात. हॉलर आणि रे रेनहान. हॅल मोर आणि डब्ल्यू. हॉवर्ड ग्रीन. अर्नेस्ट पामर आणि पुन्हा रेनहान. पहिलं नाव स्टुडिओचं, दुसरं टेक्निकलरचं. १० डिसेंबर १९३८च्या रात्री ‘गॉन विथ द विंड’मधलं अटलांटा शहर जाळलं, म्हणजे कल्व्हर सिटीत स्टुडिओच्या मागच्या आवारातले जुने सेट पेटवले, तेव्हा सात टेक्निकलर कॅमेरे रोखून उभे होते. हॉलर तेव्हा या चित्रपटाच्या आसपासही नव्हता. रेनहान होता. त्यामुळे यादीतलं दुसरं नाव उपचार म्हणून वाचू नये. पुष्कळदा ते पहिल्याच्या आधी येऊन कामाला लागलेलं असतं.

मग हॉलरचं त्यात काय, असा प्रश्न पडतोच. प्रत्येक दृश्याची चित्रं आधी विल्यम कॅमेरॉन मेंझिसनं काढलेली. कुठल्या प्रसंगात कुठला रंग हे त्यानं ठरवलेलं, आणि त्यासाठी अकादमीनं त्याला वेगळा सन्मानही दिला. आभाळ आणि वाड्यांची छपरं काचेवर रंगवलेली. पण चित्र काढणं आणि ते उजेडात उभं करणं यांत अंतर आहे. रेल्वेच्या आवारात जखमी सैनिकांमधून नायिका स्कार्लेट चालत येते आणि कॅमेरा वर वर जातो ते दृश्य घ्या. सिनेमाची कुठलीच क्रेन तेवढी उंच नव्हती, म्हणून बांधकामावरची आणली. तिच्या हादऱ्यानं चौकट थरथरू नये म्हणून काँक्रीटचा उतार ओतला आणि त्यावरून ती सावकाश सोडली. जमिनीवर शेकडो माणसं आणि त्यांच्याजोडीला शेकडो बाहुले, शेजारच्या माणसानं हात हलवत ठेवलेले. कॅमेरा खाली असताना स्कार्लेटचा चेहरा भरायला लागतो तेवढा उजेड, आणि वर गेल्यावर अख्ख्या मैदानाला लागतो तेवढा, यांची सांगड एकाच अपर्चरवर, म्हणजे भिंगातल्या उजेड आत घेणाऱ्या एकाच मापाच्या भोकावर, घालायची, कारण मध्ये बदललं तर चित्र उजळताना दिसेल. ही सांगड मेंझिसच्या कागदावर नसते. शिवाय त्याच वर्षी टेक्निकलरची जास्त वेगवान फिल्म आली आणि उजेडाची गरज जवळपास निम्म्यावर उतरली. हॉलरनं ती सूट उधळली नाही. दिवे कमी केले, कोपरे अंधारात सोडले. सेल्झनिकला झगझगीत रंग हवे होते आणि हॉलरनं ते दिले, पण कोपऱ्यांतून गार्म्सची सावली त्यानं पुसली नाही. मला त्याच्या कामात ही गोष्ट सगळ्यात आवडते.

२९ फेब्रुवारी १९४०. अँबॅसिडर हॉटेलचं कोकोनट ग्रोव्ह. त्या रात्री पहिल्यांदा छायाचित्रणाच्या दोन बाहुल्या नियमानं वेगळ्या दिल्या गेल्या, एक कृष्णधवल, एक रंगीत. त्याआधीची तीन वर्षं रंगीत कामाला वेगळा खास पुरस्कार होता. नामवंत छायाचित्रणकारांची समिती वर्षभरातले रंगीत चित्रपट बघून शिफारस करी. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. रंगीतची बाहुली हॉलर आणि रेनहानला मिळाली, कृष्णधवलची ग्रेग टोलंडला, ‘वदरिंग हाइट्स’साठी. त्या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या की दोन वेगळे धंदे दिसतात. टोलंडचा कॅमेरा त्याच्या हुकमाखालचा होता, माणसं वर्षानुवर्षं तीच, निर्माता सॅम्युएल गोल्डविन त्याला प्रयोग करू देई. भिंग बदलून बघायचं, फिल्म बदलून बघायची, छत घालून बघायचं, सगळं त्याच्या हातात. दोनच वर्षांत त्यानं ‘सिटिझन केन’मध्ये अपर्चर एफ ८ आणि त्याहून लहान करून पुढचा चेहरा आणि मागची खिडकी दोन्ही लख्ख ठेवली. एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान, म्हणून एफ २.८वरून एफ ८वर जायचं म्हणजे आठपट उजेड लागतो, एफ १६वर जायचं तर बत्तीसपट. ते परवडलं कारण सुपर डबल एक्स ही वेगवान फिल्म आली होती, भिंगांवरची चकाकी घालवणारा लेप आला होता, आणि टोलंडला आर्क दिवे कृष्णधवलमध्येही वापरायची छाती होती. टेक्निकलरमध्ये हेच करायला गेलं असतं तर सेटला आग लागली असती.

‘केन’ला तो पुरस्कार मिळाला नाही. १० नामांकनांमधून तो आर्थर मिलरला ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’साठी मिळाला, आणि तेव्हापासून हा अन्याय म्हणून सांगायची रीत पडली आहे. मला ती पटत नाही. वेल्समधलं खाणकामगारांचं गाव युद्धामुळे वेल्समध्ये जाऊन टिपता येईना, म्हणून कॅलिफोर्नियात मालिबूजवळ उभं केलं. मूळ बेत रंगीत चित्रपटाचा होता. पण तिथले रंग वेल्सचे म्हणून खपणार नव्हते, म्हणून कृष्णधवल ठरलं. मिलरनं मग करड्या रंगाच्या छटांमध्ये ओल आणली. चढावरचे दगड, चुलीशेजारची भिंत, आईचा एप्रन, तिन्हींचा करडा वेगळा. टोलंडनं खोली दिली, मिलरनं पोत दिला. मतदारांनी पोत निवडला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर जॉर्ज फोल्सीच्या १३ नामांकनांची वाटावी. एकही बाहुली मिळाली नाही.

जोडनावांची रीत १९४७मध्येही मोडते, आणि तीही हिमालयात. ‘ब्लॅक नार्सिसस’ हा हिमालयातल्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणींचा चित्रपट, पण कॅमेरा इंग्लंडबाहेर गेलाच नाही. पाइनवुड स्टुडिओत मठ उभारला, घंटेखालची खोल दरी काचेवर रंगवली, आणि खिडकीबाहेरचे डोंगर म्हणून कृष्णधवल छायाचित्रांच्या मोठ्या प्रती करून त्यांवर रंगीत खडूनं रंग भरला. जॅक कार्डिफनं त्यांवर पहाटेचा निळा आणि संध्याकाळचा तांबूस उजेड असा पाडला की डोंगराची थंडी अंगाला लागते. सावल्यांत त्यानं मुद्दाम हिरवट उजेड भरला. टेक्निकलरवाल्यांना सावली स्वच्छ, बिनरंगाची हवी असे, पण कार्डिफनं जुमानलं नाही. त्या बाहुलीवर एकच नाव आहे, कारण कार्डिफ स्वतःच टेक्निकलरच्या लंडन शाखेत तयार झालेला. पुढच्याच वर्षी ‘जोन ऑफ आर्क’ला पुन्हा तीन नावं. त्यातला विंटन होक मुळात टेक्निकलरच्या प्रयोगशाळेतला. पुढे तोच पहिलं नाव झाला आणि एकट्यानंही बाहुली घेऊन गेला. १९५१च्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ला दोन नावं आहेत पण कारण निराळं: आल्फ्रेड गिल्क्सचा चित्रपट, आणि शेवटचं बॅले तेवढं जॉन आल्टनचं. यादीत दोन्हीकडे मधलं ‘आणि’ सारखंच छापलेलं असतं.

१९५०च्या सुमाराला एकाच पट्टीवर तिन्ही रंग टिपणारी ईस्टमन कलर निगेटिव्ह आली. ती कुठल्याही कॅमेऱ्यात चाले. दोन-चार वर्षांत तो लोलकाचा अजस्र कॅमेरा कपाटात गेला, आणि त्याच्यासोबत बाहुलीवरचं दुसरं नावही. दोन विभाग मात्र राहिले. १९५७च्या चित्रपटांसाठी ते एकदा एकत्र केले, पुन्हा वेगळे काढले, आणि १९६६नंतर कायमचे मोडले. योगायोग असा की भारतात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत छायाचित्रणाचा पुरस्कार १९६७च्या चित्रपटांपासून सुरू झाला, तो कृष्णधवल आणि रंगीत असा वेगवेगळाच. तिकडे दार लागलं त्याच वर्षी इकडे उघडलं. दोन विभाग ठेवण्यात जुनाटपणा होता असं मला वाटत नाही. रंगात लाल पदर लाल असतो. कृष्णधवलमध्ये तो लाल आहे हे शेजारच्या पांढऱ्यांनी सांगावं लागतं. विभाग मोडल्यावर कृष्णधवलला पुन्हा बाहुली मिळायला १९९३चा ‘शिंडलर्स लिस्ट’ यावा लागला.

लाल पदराचं म्हटलं ते हॉलरमुळेच. ‘जेझेबेल’मध्ये बेटी डेव्हिस लाल झगा घालून नाचाला येते, सगळ्या मुली पांढऱ्यात, आणि चित्रपट कृष्णधवल. हॉलरनं तो झगा काळ्यात बुडू दिला नाही. घडीघडीवर तिरकी चकाकी ठेवली, भोवतीचे पांढरे मऊ केले, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला लाल दिसला. हे १९३८चं, म्हणजे रंगीत बाहुलीच्या आदल्या वर्षीचं. पुढे १९६२मध्ये ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ला त्यानं त्याच चेहऱ्यावर कडक, बोचरा उजेड टाकला, पावडरचे थर आणि त्यांतल्या भेगा मोजता येतील असा. त्यासाठी नामांकन, पुढच्या वर्षी ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी आणखी एक. त्याची एकूण सात नामांकनं, बाहुली एक. १९७०मध्ये तो वारला.

या दोन टोकांच्या मधे कुठेतरी मुंबई येते. ‘झाँसी की रानी’ बघताना त्याची अडचण ध्यानात येते. वॉर्नरच्या जंगलात ज्या उजेडासाठी त्याची नोकरी गेली तो इथे नुसता सांडलेला. स्वच्छ दुपारच्या उन्हात १०,००० फूट-कँडलपर्यंत भरतो, आणि तोही पांढरा, टेक्निकलरला हवा तसाच. पण आपल्याकडचं ऊन डोक्यावरून येतं. फेटा, पागोटं, शिरस्त्राण काहीही घातलं की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. भुवईखालच्या त्या सावलीत उजेड घालायचा तर समोरून, खालून, रिफ्लेक्टर किंवा भर उन्हात आर्क लावायचा, आणि माणसाचे डोळे दिपून मिटू नयेत इतपतच. ते नीट जमलं की नाही हे बघायला लढाईच्या दृश्यांत मेहताबच्या चेहऱ्याकडे बघायचं. टोपाच्या कडेखाली कपाळ सावलीत आहे, आणि त्या सावलीत दोन्ही डोळे दिसतात.